पडद्यामागचा पंधरा नंबर

विलासराव पोतनिसांनी "एकवीस दिवसांत माणूस नेमून दाखवतो" असं भर बैठकीत सांगितलं, तेव्हा कोणीही त्यांना दाखवायला सांगितलेलं नव्हतं. हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. कारण पुढे उज्जैनच्या माधव नगरात जो काही गोंधळ झाला त्याचा दोष लोकांनी नंतर वाटेल त्याला दिला. कोणी त्यांच्या मुलीला दिला, कोणी भैरवगढच्या चादरीला दिला, आणि शेजारच्या उषाताईंनी तर शनीला दिला, ज्याचा या प्रकरणात काडीचा संबंध नव्हता.

बैठक होती श्री अवंती मराठी साख संस्थेची, म्हणजे पतसंस्थेची. देवास गेटला बस स्टँडसमोर, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही संस्था चालते. सभासद दोन प्रकारचे. एक, ज्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात आले आणि इथेच राहिले. दुसरे, ज्यांचे वडील बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या बदलीवर आले आणि तेही इथेच राहिले. विलासराव पहिल्या प्रकारातले. घराण्यात पोतनिशी होती, म्हणजे खजिना सांभाळायचं काम. स्वतः बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, आणि दोन वर्षांपासून संस्थेचे मानद सचिव. मानद म्हणजे पगार नाही, पण टेबल आहे.

संस्थेचे हिशेबनीस बापू मुळे महिन्यापूर्वी निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे केले गेले. सत्तरीपुढे कोणाला नोकरीत ठेवायचं नाही असा ठराव विलासरावांनीच आणला, आणि बापू एकाहत्तर वर्षांचे होते. शाल दिली, नारळ दिला, कपाटाची किल्ली परत घेतली. चाळीस वर्षं तिथे बसलेला माणूस जिना उतरून गेला. आता एकतीस तारखेला ऑडिटर येणार होता आणि संस्थेला लेखाधिकारी नव्हता.

"एकवीस दिवस," विलासराव उभे राहून म्हणाले. खरं तर बसून बोलायची पद्धत होती. "शुद्ध प्रोसेस. ओळख नाही, शिफारस नाही, वशिला नाही. नाही जमलं तर एकतीस तारखेला माझा राजीनामा."

अध्यक्ष विष्णुपंतांनी चष्मा लावला. "लिहून घेऊ का हे?"

"घ्या ना लिहून."

घेतलं लिहून.

घरी ही बातमी ऐकून प्रतिभाताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "राजीनामा? म्हणजे मग तुम्ही दिवसभर घरी?"

या प्रश्नामागे इतिहास होता. बँकेतून रिटायर झाल्यावर विलासराव चार महिने घरी होते. त्या चार महिन्यांत त्यांनी मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली होती: "हळद. वापर दररोज. साठा समाधानकारक." कुकरच्या शिट्ट्यांची वही केली होती. दूधवाल्याकडून हजेरीची सही घ्यायला लागले तेव्हा दूधवाल्याने गल्लीच बदलली. शेवटी प्रतिभाताई स्वतः विष्णुपंतांकडे जाऊन म्हणाल्या होत्या, "भाऊसाहेब, यांना कुठेतरी सचिव करा हो." सचिवपद गेलं तर ती वही परत निघणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"राजीनाम्याचा प्रश्नच येत नाही," विलासराव म्हणाले. "अपूर्वाशी बोललोय मी."

अपूर्वा त्यांची मुलगी, पुण्याला मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात. तिच्याशी बोलणं झालं होतं एकूण पावणेदोन मिनिटं, तेही ती लिफ्टमध्ये असताना. "बाबा, हल्ली आम्ही नाव, वय, फोटो सगळं झाकून टाकतो. म्हणजे आधीचं मत आड येत नाही. बरं, ठेवते." तिने सहज सांगितलं. पण विलासरावांना सहज सांगितलेलं चालत नाही. त्यांनी सात पानांची नियमावली टाईप केली. नियम तीन: उमेदवारास नाव नाही, नंबर आहे. नियम चार: वयाची अट नाही, वय विचारणाराच अपात्र ठरेल.

सत्तरीचा ठराव त्यांचाच आणि हा नियमही त्यांचाच, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सात पानं वाचतो कोण?

चौदा अर्ज आले. प्रतिभाताईंनी जेवणाच्या टेबलावर बसून कात्रीने चौदा नावं कापली आणि आलेल्या क्रमाने नंबर घातले. फक्त एक झालं. अर्ज घरी आणून द्यायचे होते, आणि माधव नगरात कोण कधी कोणाच्या घरी गेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी उषाताई वाटीभर आमटी घेऊन आल्या.

"आमच्या सुमीतकडे जरा लक्ष असू द्या बरं का, भावजी. म्हणजे सुमीत नाही. सात नंबर."

"तुम्हाला नंबर कुठून कळला?"

"त्याच्या आधी सहा जण आले होते ना. मी गॅलरीतच होते."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला चौदाच्या चौदा नंबर पाठ होते. भाजीवाल्याकडे एक बाई दुसरीला म्हणत होती, "तुमच्या अकरा नंबरचं लग्न ठरलं म्हणे." विलासरावांना फार लागलं ते. त्यांनी चिठ्ठ्या टाकून नवे नंबर दिले, आणि कोणता नंबर कोणाचा याची यादी प्रतिभाताईंच्या हवाली केली. प्रतिभाताईंनी ती पापडाच्या डब्यात ठेवली. त्या डब्यावरही लेबल होतंच.

यादी सहकार खात्याच्या ऑफिसात पाठवायची होती. तिथल्या बाबूने ती उलटसुलट करून पाहिली.

"पोतनीस साहब, इसमें पिता का नाम नहीं है."

"नावं गोपनीय आहेत. म्हणजे, नाम गोपनीय है."

"उम्मीदवार का गोपनीय है ना. पिता का तो लिखिए."

विलासराव तत्त्वाचे माणूस. त्यांनी तिथल्या तिथे चौदा रकाने भरले: "क्रमांक एक के पिता", "क्रमांक दो के पिता", असं चौदापर्यंत. बाबूने ते मन लावून वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "हाँ, अब ठीक है." विलासरावांना वाटलं, या देशात प्रोसेसला भवितव्य आहे.

मुलाखती अठरा तारखेला. चेहरा दिसू नये म्हणून संस्थेच्या खोलीत मधोमध दोरी बांधून भैरवगढची डबलबेडची चादर टांगली. लाल जमिनीवर ठशाचे काळे हत्ती, एकामागे एक. विलासराव हत्तींच्या अलीकडे, उमेदवार पलीकडे, आणि खाली बस स्टँडवर "देवास, देवास, देवास" असं कंडक्टर ओरडत होता.

पहिला उमेदवार आला. खुर्ची सरकली. आणि मुलाखत सुरू व्हायच्या आधीच चादरीखालून एक हात पुढे आला, विलासरावांच्या चपला चाचपू लागला आणि त्यांना नमस्कार करून मागे गेला. मराठी घरातलं वळण. मोठ्या माणसासमोर बसण्याआधी वाकायचं, मध्ये चादर असली म्हणून काय झालं? विलासराव सवयीने म्हणाले, "आयुष्मान भव." मग त्यांनी हाताकडे पाहिलं. करंगळीच्या शेजारच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. सुमीतच्या मुंजीत ती त्यांनीच दिली होती.

"सर्दी गेली का रे?" ते बोलून गेले.

"हो काका, आता बरंय," हत्ती म्हणाले.

झाली मुलाखत बाद. पुढचा आला, त्याचाही हात. मग तिसरीचा, हिरव्या बांगड्यांसकट. जुन्या अकरा नंबरचं लग्न खरंच ठरलेलं दिसत होतं. विलासरावांनी दारावर कागद लावला: "नमस्कार करू नये." तर पाचवा उमेदवार चादरीपलीकडून म्हणाला, "काका, वाचलं मी, पण आई रागावेल." पुन्हा हात आलाच. दुपारपर्यंत चौदा आशीर्वाद देऊन झाले होते आणि एकही प्रश्न विचारून झाला नव्हता.

मुलाखती रद्द. आता लेखी परीक्षा. उमेदवाराने मागच्या खोलीत बसून उत्तरं लिहायची. पण अक्षर ओळखू येतं, म्हणून ती उत्तरं प्रतिभाताईंनी आपल्या अक्षरात उतरवून काढायची आणि वाचून दाखवायची. प्रतिभाताई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या; दुसऱ्याचं उत्तर मत न देता वाचणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं.

"प्रश्न दोन, नंबर नऊ," त्या वाचायच्या. "'मी संस्थेला नव्या उंचीवर नेईन.' जिना चढताना धाप लागली होती त्याला."

"प्रतिभा, शेरे नकोत."

"बरं. चूक आहे उत्तर."

या सगळ्यात दिवस चालले होते. जलद निवडीची ही प्रोसेस इतकी जलद होती की एकेक उमेदवार वाट पाहून गळायला लागला. सुमीतला इंदूरला नोकरी लागली. दोघांनी परीक्षाच नको म्हणून सांगितलं. जुनी अकरा नंबर लग्न करून नागपूरला गेली. पंचवीस तारखेला उरला एकटा नंबर चार, आणि त्याने तर ताळेबंदाच्या प्रश्नाखाली चित्र काढलं होतं. छान होतं चित्र, पण ताळेबंद नव्हता.

त्या दिवशी विलासराव जेवले नाहीत. माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. राजीनामा म्हटलं होतं तर ते तो देणारच, आणि ते टेबल गेलं तर आपण नक्की कोण उरतो, हा विचार त्यांना सकाळपासून छळत होता. बोलले मात्र एवढंच, "तू ती शिट्ट्यांची वही कुठे ठेवलीस गं?"

प्रतिभाताई गार पडल्या. पाच मिनिटांनी त्यांनी साडी बदलली. "चिंतामण गणपतीला जाऊन येते."

दोन तासांनी परत आल्या तेव्हा हातात प्रसाद नव्हता, एक बंद पाकीट होतं. "रस्त्यात कुणीतरी अर्ज दिला. तुमच्या नियमावलीत अर्जाची मुदत पंचवीस तारखेच्या पाचपर्यंत आहे ना? पाचला सात मिनिटं कमी आहेत. नाव मी कापलं. नंबर पंधरा."

"कोण आहे?" विलासरावांनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "सांगू नकोस."

"नाहीच सांगत."

सत्तावीसला अंतिम परीक्षा झाली. आता कसलीही चूक होऊ द्यायची नाही म्हणून विलासराव चादरीकडे पाठ करून बसले आणि कानांत कापसाचे बोळे घातले. त्यामुळे जिन्यावरची चपलांची फरपट त्यांना ऐकू आली नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी दहाला तीच फरपट ऐकून खालचा बॅटरीवाला आपलं घड्याळ लावत असे. तो आज वर बघून हसला. एक वाजता प्रतिभाताई बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या कानातला बोळा काढून म्हणाल्या, "पंधरा नंबर एक ते तीन विश्रांती मागतोय."

"देऊन टाक," विलासराव खूश होऊन म्हणाले. "अपूर्वा सांगतच होती. हल्लीची तरुण पिढी स्वतःच्या वेळेबद्दल फार जागरूक असते."

अठ्ठावीसला संचालक मंडळासमोर उत्तरांचं वाचन झालं. नंबर चारचं वाचून झालं, चित्र फिरवून झालं. मग प्रतिभाताईंनी घसा साफ केला.

"नंबर पंधरा. प्रश्न एक, पहिल्या दिवशी सगळ्यात आधी काय कराल? उत्तर: 'कपाट उघडीन. महिनाभर ते कोणाला उघडलं नसणार. नुसत्या किल्लीने होत नाही. डावं दार वर उचलून खाली गुडघा मारावा लागतो.'"

कपाट खरंच महिनाभर उघडलं नव्हतं. दोन कुलूपवाले हात टेकून गेले होते. विष्णुपंत खोकल्यासारखं काहीतरी करून खिडकीतून बाहेर पाहू लागले.

"बघा, बघा," विलासराव म्हणाले. "बाहेरचा माणूस आपल्या संस्थेचा किती अभ्यास करून आलाय."

"प्रश्न दोन. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? 'बहुधा चक्रतीर्थावर.'"

चक्रतीर्थ म्हणजे क्षिप्रेकाठचं स्मशान.

"उज्जैन सोडणार नाही, असं म्हणतोय तो," विलासरावांनी समजावलं. "शेवटपर्यंत. स्थैर्य म्हणतात याला. पूर्ण गुण."

"प्रश्न तीन. तुमचा मोठा दोष? 'दुपारी एक ते तीन.' प्रश्न चार. कॉम्प्युटरवर हिशेब ठेवता येतो का? 'पूर्वी येत नव्हता. गेला महिनाभर रिकामा होतो, त्यात नातीकडून शिकलो. चूक मात्र मशीन शोधत नाही, आपणच शोधावी लागते.'"

प्रश्न पाच ताळेबंदाचा. मुद्दाम अडचणीचा घातलेला. पंधरा नंबरने तो सोडवून खाली लिहिलं होतं: "प्रश्नातच बेरीज चुकली आहे. दुरुस्त करून घेतली." प्रतिभाताईंनी हे जरा जोरात वाचलं. विलासराव कानापर्यंत लाल झाले, पण तेवढेच आनंदलेही. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दोन गुण त्यांनी शिस्तीसाठी कापले.

मग ते पुन्हा उभे राहिले. "नाव उघडण्याआधी सही करतो. मग माझा वैरी निघो नाहीतर सख्खा भाऊ, निर्णय बदलणार नाही. प्रोसेस म्हणजे प्रोसेस."

त्यांनी सही केली, तारीख घातली, खाली दोन रेघा ओढल्या. विष्णुपंतांनी घरून आणलेला पापडाचा डबा उघडला, चिठ्ठी काढली आणि चष्मा नसतानाही वाचून दाखवली, यावरून काय ते समजावं.

"बापू मुळे."

चादर बाजूला झाली. बापू पलीकडे बसलेले होते, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर ती निरोपाची शाल घडी करून. "नमस्कार, विलास," ते म्हणाले.

खोलीत आधी उषाताईंना हसू फुटलं. त्या संचालिकाही होत्या. मग सगळेच सुटले. विलासराव तेवढे हसले नाहीत. सत्तरीचा ठराव त्यांच्या सहीचा. हा निकालही त्यांच्याच सहीचा. ठराव ठेवावा तर निकाल रद्द, म्हणजे राजीनामा. निकाल ठेवावा तर ठराव रद्द, म्हणजे आपण महिन्यापूर्वी मूर्खपणा केला हे अकरा माणसांसमोर कबूल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. प्रतिभाताई छताकडे पाहत होत्या.

विलासराव बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. मग त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि लिहिलं, "सत्तर वर्षांची अट रद्द करण्यात येत आहे." लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, "ती अट घालायलाच नको होती, बापू. चुकलं माझं."

"अट नाही रे लागली," बापू म्हणाले. "किल्ली घेतलीस आणि कपाट कसं उघडतं ते विचारलंसुद्धा नाहीस, ते लागलं."

बापू उठले, कपाटाशी गेले, डावं दार उचललं, गुडघा मारला. कपाट कुरकुरत उघडलं आणि आत चाळीस वर्षांच्या वह्या, कडेने सुतळी बांधून, जिथल्या तिथे होत्या.

"माझी पण एक अट आहे," बापू वळून म्हणाले. "एक ते तीन सचिवांनी मला हाक मारायची नाही."

"मग त्या वेळात मी घरी जात जाईन," विलासराव समंजसपणे म्हणाले.

"घरी कशाला?" प्रतिभाताई एवढ्या पटकन उठल्या की खुर्ची पडली. "चादर आहे ना. ती राहू दे तशीच. तुम्ही इकडे बसा, बापू तिकडे झोपतील. मला नाही लागत ती चादर."

ती चादर त्यांच्या माहेरची होती. पण शिट्ट्यांच्या वहीपेक्षा चादर गेलेली परवडली.

एकतीसला ऑडिटर आला. त्याने कामाला दोन दिवस धरले होते. बापूंनी त्याला त्याच दिवशी पावणेएकला मोकळा केला. शेऱ्याची जागा कोरी राहिली. जाता जाता त्याने विचारलं, "ये हाथी वाला परदा किस लिए है?" विलासराव म्हणाले, "प्रोसेस है."

एक वाजला. बापू आपल्या बाजूला जाऊन बाकावर आडवे झाले. खाली देवासची बस लागली होती. विलासराव इकडे आपल्या टेबलापाशी बसून होते, टेबल होतं, सचिवपद होतं, आणि तरी त्यांना बसवेना. मनात एक गोष्ट टोचत होती. निरोपाच्या दिवशी शाल खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, भाषण केलं. पण आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करायचा राहिला होता. घरात ते वळण पिढ्यान्‌पिढ्यांचं. सचिव वाकत नाही, असं त्या दिवशी वाटलं होतं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग गुडघ्यांवर हात टेकत ते खाली बसले, चादरीखालून हात पुढे घातला, आणि बाकावरून खाली आलेल्या बापूंच्या पायांना लावला.

पलीकडचं घोरणं थांबलं.

"आयुष्मान भव," बापू झोपेतच म्हणाले. "नंबर किती?"